मेडल किती? शून्य. बरं, मग?

गेल्या विकांताला घरी गेलो होतो. घर म्हणजे थळ. अलिबागला लोक वीकेंडला येतात ना, तिथून थोडं उत्तरेला. हिंजवडीहून खोपोली, पेण, वडखळ करत भर पावसात किती तास लागले ते विचारू नका, त्या खड्ड्यांवर एक वेगळा लेख लिहायचाय. पण जाणं भाग होतं, कारण काकांचा कार्यक्रम होता.

आमच्या घरात दरवर्षी जुलैमध्ये धनराज पिल्लेचा वाढदिवस साजरा होतो. १६ जुलै. मधला वार आला तर काका कार्यक्रम शनिवारवर ढकलतात, आमच्यासारख्या नोकरदारांना यायला जमावं म्हणून. कार्यक्रम म्हणजे काय, तर काकू शिरा करते, काका कपाटातून खाकी पुठ्ठ्याची जाड वही काढतात आणि धनराजच्या सगळ्या मानसन्मानांची यादी वाचतात. मोठ्याने, उभं राहून. आम्ही लहानपणी शिऱ्याच्या आशेने ऐकायचो. आता काकांच्या वयाकडे बघून ऐकतो. धनराजला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. काकांनी त्याला कधी पत्रही लिहिलेलं नाही.

तर यंदा यादी वाचून झाली आणि माझा चुलत भाऊ (हाही आयटीवालाच, मुंबईत असतो) शिऱ्याचा घास तोंडात ठेवून म्हणाला, "काका, सगळं मान्य. पण ऑलिंपिक मेडल किती?"

काकांनी वही मिटली. "शून्य," म्हणाले.

"मग?"

काका काही बोलले नाहीत. हात धुवायला उठून गेले. आम्ही दोघं तिघं हसलो. हो, मीपण हसलो. त्या हसण्याची मला गेला आठवडाभर लाज वाटते आहे, म्हणून हा लेख. भाऊ वाचेल याची खात्री आहे. वाच बाबा.

आधी ती यादी. मी १९९७ चा जन्म, धनराजला शेवटचं ऑलिंपिक खेळताना बघायचं माझं वय नव्हतं. माझ्याकडे आहे ते सगळं वहीतून आलेलं.

धनराज डिसेंबर १९८९ मध्ये, दिल्लीच्या आशिया कपला भारताकडून पहिल्यांदा खेळला आणि ऑगस्ट २००४ ला अथेन्समध्ये थांबला. मधल्या पंधरा वर्षांत ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिंपिक (१९९२, १९९६, २०००, २००४). चार वर्ल्ड कप (१९९०, १९९४, १९९८, २००२). चार चॅम्पियन्स ट्रॉफी (१९९५, १९९६, २००२, २००३). चार आशियाई स्पर्धा (१९९०, १९९४, १९९८, २००२). काका याला 'चार चोक सोळा' म्हणतात. या चारही स्पर्धा चार-चार वेळा खेळलेला एकमेव खेळाडू म्हणून त्याचं नाव घेतात. १९९४ च्या सिडनी वर्ल्ड कपनंतर जागतिक संघ निवडला गेला, त्यात भारताचा एकटा तोच. २००२ ला कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू, वय वर्षं ३४! १९९८ ला बँकॉकला कर्णधार, आशियाई सुवर्ण, तेही ३२ वर्षांनी. २००३ ला क्वालालंपूरला कर्णधार, पाकिस्तानला हरवून भारताचा पहिला आशिया कप. अर्जुन पुरस्कार १९९५. १९९९-२००० चा खेलरत्न. पद्मश्री.

आता मुद्द्यावर येऊ. 'मेडल किती' हा प्रश्न हुशारीचा वाटतो, पण तो आळशी प्रश्न आहे. आपल्या पिढीला सगळं एका आकड्यात हवं असतं. पर्सेंटाइल, सीटीसी, रेटिंग. आकडा मिळाला की मग बाकी काही वाचायचं नाही. निदान आपण इंजिनियर लोकांनी तरी हा आळस करू नये, कारण आउटपुट कशाकशावर अवलंबून असतं हे शोधण्याचाच आपल्याला पगार मिळतो. चला, शोधू.

हॉकीत मैदानावर अकरा जण असतात. मेडल संघाला मिळतं, अर्जुन आणि खेलरत्न माणसाला मिळतात. संघाचं अपयश माणसाच्या खात्यावर टाकायचं असेल तर संघ कशावर चालत होता ते बघायला नको?

१९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळवली गेली. भारत सातवा आला. तोपर्यंत आपला सगळा खेळ गवताचा आणि मातीचा होता. सर्व्हर बदलला, जुना कोड तसाच ठेवला आणि नवं हार्डवेअर घ्यायला पैसे नाहीत म्हणून सांगितलं, तर काय होईल? तेच झालं. १९८० ला मॉस्कोचं सुवर्ण आलं आणि त्यानंतर ४१ वर्षं ऑलिंपिकचं एकही पदक नाही. धनराजची चारही ऑलिंपिकं या ४१ वर्षांच्या बरोब्बर पोटात येतात. क्रमांक सांगतो, लपवत नाही: सातवा, आठवा, सातवा, सातवा.

आणि हा माणूस आला कुठून? खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीतून. वडील तिथल्या मैदानाची निगा राखायचे. मुलं मोडक्या स्टिकांनी आणि टाकून दिलेल्या चेंडूंनी मऊ, चिखलाच्या मैदानावर शिकली. मी पुण्यात चार वर्षं राहतोय, खडकीवरून शंभरदा गेलो असेन. एकदाही वाटलं नाही की इथे काहीतरी घडलंय. पाटी असलीच तर मी वाचली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला धनराज मुंबईला भावाकडे गेला. मोठा भाऊ रमेश तिकडे आरसीएफकडून लीग खेळायचा. इथे आमचा धागा जुळतो. त्याच सुमाराला आरसीएफचा कारखाना आमच्या थळला उभा राहिला आणि काका तिथे फिटर म्हणून लागले. कारखान्याच्या मुंबईच्या हॉकी टीममध्ये कुणी पिल्ले आहे, आणि त्याचा धाकटा भाऊ वाऱ्यासारखा पळतो, हे त्यांनी कँटीनमध्ये ऐकलं. बस्स. आमच्या वाडीत हॉकीची स्टिक कुणाच्या घरात नव्हती. ओहोटीला किनाऱ्याची वाळू घट्ट झाली की टेनिस बॉलचं क्रिकेट, तेव्हाही आणि आताही. काकांनी बांबूचा वाकडा बुंधा तासून स्टिक केली होती म्हणे, आणि ते एकटेच खेळायचे. गावात त्यांचं नावच 'हॉकी' पडलं. ते नाव कौतुकाने पडलेलं नव्हतं.

सिडनीची गोष्ट काका दरवर्षी सांगतात. २००० सालचं ऑलिंपिक, शेवटचा गटसामना पोलंडशी. जिंकलो की उपांत्य फेरी. १-० ने पुढे होतो. शेवटच्या क्षणांत पोलंडने गोल केला, १-१. सगळं संपलं. दोनेक मिनिटं टिकली असती तर माझ्या भावाचा प्रश्न जन्मालाच आला नसता. किंवा आला असता, 'मग सुवर्ण किती?' म्हणून. ज्याला मोजायचंच आहे त्याला मोजपट्टी कमी पडत नाही.

आणि मोजायचंच असेल तर मोजायला तरी काही ठेवलंय का आपण? धनराजने भारतासाठी किती गोल केले? अधिकृत आकडा नाही. त्या वेळच्या भारतीय हॉकी महासंघाने अशी नोंदच ठेवली नाही. १७० च्या वर असं सांगतात, तेही संघटनेच्या दप्तरातून नाही. पंधरा वर्षं देशासाठी पुढच्या फळीत खेळलेल्या माणसाचा लॉग नाही! आमच्याकडे एखाद्या फडतूस बॅच जॉबचासुद्धा लॉग असतो राव. आणि मग आपण शिरा खात विचारतो, मेडल किती.

(हॉकी आपला राष्ट्रीय खेळ आहे असं शाळेत घोकलं होतं ना? माहितीच्या अधिकारातल्या अर्जावर २०१२ मध्ये क्रीडा मंत्रालयाने कळवलं की कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. तेही कुठे लिहिलेलं नाही. असो.)

पदकं कशी येतात हे नंतर दिसलंच. २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं. पैसा आला, तयारीला सलगता आली. २०२१ ला टोकियोत जर्मनीला ५-४ हरवून कांस्य, २०२४ ला पॅरिसमध्ये स्पेनला २-१ हरवून पुन्हा कांस्य. टोकियोच्या दिवशी आमच्या हापिसातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला हॉकी होती. माझ्यासकट. काका त्या दिवशी फोनवर रडले. मला म्हणाले, "पोरांनी खेळ चालू ठेवला होता रे, म्हणून हे दिवस दिसले." मला तेव्हा कळलं नाही की ते टोकियोतल्या पोरांबद्दल बोलतच नव्हते.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, ठीक आहे, मेडल नसलं तरी देशाने अर्जुन दिला, खेलरत्न दिला, पद्मश्री दिली. हिशेब मिटला की!

नाही मिटला. माझं खरं भांडण या दुसऱ्या पार्टीशी आहे. पहिली पार्टी निदान प्रश्न तरी विचारते. ही हार घालते आणि निघून जाते.

शनिवारी रात्री लाइट गेली होती. पाऊस कोसळत होता, नेट नव्हतं, करायला काही नव्हतं. अपराधी वाटत होतंच. काकांची वही घेतली आणि मोबाइलच्या उजेडात पहिल्यांदा स्वतः वाचली. इतकी वर्षं फक्त ऐकली होती. आणि लक्षात आलं की काका अर्धीच वही वाचून दाखवतात. उजव्या पानावर सन्मान आहेत. डाव्या पानावर दुसरी कात्रणं आहेत, ती ते वाचत नाहीत.

उजवीकडे डिसेंबर १९९८, बँकॉक, सुवर्णपदक, कर्णधार धनराज, स्पर्धेत भारतातर्फे सगळ्यांत जास्त गोल त्याचेच. डावीकडे त्यानंतर काही आठवड्यांतली बातमी. धनराजसकट सहा-सात अनुभवी खेळाडू संघाबाहेर. अधिकृत कारण, 'विश्रांती'.

३२ वर्षांनी सुवर्ण आणणाऱ्या कर्णधाराला लगेच विश्रांती! हॉकी बघणाऱ्या सगळ्यांनी तेव्हा याचा एकच अर्थ लावला. धनराज खेळाडूंच्या पैशांबद्दल उघड बोलला होता. परदेश दौऱ्यावर मिळणारा भत्ता अपुरा आहे, मानधन धड नाही, असं जाहीरपणे म्हणाला होता. सोनं आणलंत, आभारी आहोत, आता बसा घरी.

आणि त्याच्या पुढच्या उजव्या पानावर? १९९९-२००० चा खेलरत्न.

म्हणजे देशाचा सर्वोच्च क्रीडा सन्मान आणि भत्ता मागितल्याची शिक्षा, दोन्ही साधारण एकाच काळात, एकाच माणसाला. देणारे हात वेगळे असतील, सरकार वेगळं आणि महासंघ वेगळा, मान्य. पण आपण प्रेक्षक तर तेच होतो ना? आपण उजवं पान पाठ केलं आणि डावं विसरून गेलो. काकांनी दोन्ही चिकटवली, पण मोठ्याने वाचताना तेही एकच वाचतात. इतका चाहता असून! मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

सत्कार स्वस्त असतो मंडळी. शाल, श्रीफळ, फोटो. भत्ता महाग असतो, कारण तो दर महिन्याला द्यावा लागतो आणि सगळ्यांना द्यावा लागतो. म्हणून मागणाऱ्याला घरी बसवायचं आणि नंतर कधीतरी शाल पांघरायची, हा आपला जुना हिशेब आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवा. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माणूस १९८४ ला अपघातात गेला आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर दीड दशक उलटल्यावर मिळाला. भाऊ, त्यांच्याकडे तर मेडल होतं. काय मोठा फरक पडला?

'पण धनराज तापट होता, तोंडाने फटकळ होता, जरा नीट बोलला असता तर.' हेही ऐकलंय मी. होता तापट, त्याचे चाहतेही नाकारत नाहीत. पण तो जे बोलला ते खरं होतं की खोटं? हा प्रश्न टाळायचा असला की आपण माणसाच्या आवाजाची पट्टी काढतो. आपल्या धंद्यात त्याला 'ॲटिट्यूड इश्यू' म्हणतात.

आणि आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या प्रोजेक्टमध्ये रात्रीचा सपोर्ट सुरू झाला. (कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी करायचीय.) कायम नोकरीवाल्या आम्हाला रात्रपाळीचा भत्ता आणि घरी सोडायला गाडी. तेच काम करणाऱ्या कंत्राटी पोरांना यातलं काही नाही. पहाटे तीनला काम संपलं की ती पोरं सहाच्या पहिल्या बसची वाट बघत पँट्रीत डोकं टेकून बसायची. आमचा लीड हे मीटिंगमध्ये बोलला. आवाज चढवून बोलला, खरंय. "तुमच्यापैकी कुणाला हे बरोबर वाटतं?" असं त्याने आम्हा सगळ्यांकडे बघून विचारलं.

मी लॅपटॉपमध्ये बघत राहिलो. काहीतरी टाइप केल्यासारखंही केलं.

दोन महिन्यांत लीडला प्रोजेक्टवरून मोकळं केलं. कारण, 'नव्या संधीसाठी'. ओळखीचा शब्द वाटतो ना? विश्रांती! पुढच्या तिमाहीत मला स्पॉट अवॉर्ड मिळालं. काचेची ट्रॉफी आहे, नाव कोरलेलं. आईने हॉलमध्ये टीव्हीच्या वर ठेवली आहे. ज्या खोलीत आम्ही धनराजच्या शून्य मेडलला हसलो, तिथेच.

रविवारी सकाळी निघताना काकांना विचारलं, डावी पानं का वाचत नाही तुम्ही? म्हणाले, "वाढदिवसाला कशाला वाईट वाचायचं?" मग थोडा वेळ पायरीवरच्या पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कारखान्यात असताना आम्हीपण बघायचो रे असं होताना. बोलणारा एखादाच. आम्ही गप्प. मग हा बोलला, ते पेपरात आलं, तेव्हा बरं वाटलं होतं."

म्हणजे तीसेक वर्षं काका जे साजरं करतायत ते खेलरत्न नाहीच की काय? आपण जे बोललो नाही ते कुणीतरी भारताचा कर्णधार असताना बोललं, त्याची किंमत मोजली आणि पुन्हा परत येऊन खेळला. २००० ला ऑलिंपिक खेळला, २००२ ला कोलोन गाजवलं, २००३ ला आशिया कप आणला. घरी बसवलेला माणूस परत आला आणि जिंकला. हे उजव्या पानावर मावत नाही. डावं पान वाचल्याशिवाय उजव्याची किंमतच कळत नाही.

धनराजच्या चरित्राचं, संदीप मिश्रांनी २००७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचं, नाव आहे 'फर्गिव्ह मी अम्मा'. अम्मा, मला माफ कर. ज्याने ३३९ वेळा निळा शर्ट घालून धाव घेतली, त्याच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माफी! माफी मागायला खरं तर रांग लावायला हवी आपण.

तर माझं म्हणणं एवढंच. कुणाच्या सन्मानांची यादी फॉरवर्ड कराल तेव्हा त्या माणसाने काय मागितलं होतं आणि ते मिळालं का, हेही शोधा. दोन मिनिटं लागतात. आणि तुमच्या आसपास कुणी भत्ता मागत असेल तर त्याला नंतर टाळ्या वाजवण्यापेक्षा त्याच मीटिंगमध्ये तोंड उघडा. हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय ते वर लिहिलंच आहे.

पुढच्या जुलैत डावी पानं मी वाचणार आहे, काकांची परवानगी घेतली आहे. त्याआधी, उद्या सोमवार. कंत्राटी पोरांच्या भत्त्याबद्दल मॅनेजरला लिहिलेलं मेल शुक्रवारपासून ड्राफ्टमध्ये पडून आहे. तीनदा सौम्य केलं, चौथ्यांदा पुन्हा होतं तसं केलं. आता पाठवतो.

भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. शून्य. आता तू सांग, तुझे किती?